खोट्या गवताची शिवण

कुठंही ते प्लॅस्टिकचं हिरवं गवत अंथरलेलं दिसलं की मी आधी त्याचा सांधा शोधतो. आणि आता ते कुठं नसतं? हॉटेलात, बाल्कनीत, लग्नाच्या स्टेजवर, दाताच्या दवाखान्यातसुद्धा. बायको वैतागते. म्हणते, चारचौघांत असं वाकून काय बघता हो, काही पडलंय का? मी म्हणतो, काही नाही, चल. इतक्या वर्षांत तिला हे सांगायला माझी जीभ रेटली नाही, म्हणून आज लिहायला बसलोय.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा होतो आणि जळगावात जिम चालवत होतो. जिम म्हणजे काय, कापसाचं जुनं गोडाऊन. वर पत्रे, खाली शहाबादी फरशी, चार बाकं, दोन लोखंडी स्टँड आणि एका भिंतीला आरसे. येणारी मुलं मला 'सर' म्हणायची. त्या 'सर'नं माझं डोकं पार फिरवलं होतं. घरात मी कापसाच्या जिनात गाठी शिवणाऱ्या माणसाचा मुलगा होतो आणि शटर वर केलं की सर. घरातलं शटरच्या आत कळू नये, एवढ्यासाठी माझी सगळी धडपड चालायची.

आबा, म्हणजे माझे वडील, अमळनेरच्या एका जिनात तीस वर्षं राबले. सरकी काढलेल्या रुईच्या गाठी दाबून झाल्या की त्यांना वरून तरटाचं बारदान घालून शिवायचं, हे त्यांचं काम. हातात वीतभर दाभण आणि सुतळी. पण त्यांची खरी किंमत होती ती पारखीत. चिमूटभर रुई दोन अंगठ्यांत धरून ताणायची, पुन्हा जुळवायची, पुन्हा ताणायची, आणि धागा किती लांब, किती पक्का ते सांगून टाकायचं. जिनाचे मालकसुद्धा त्यांना हाक मारून विचारायचे. पुढे जिन बंद पडलं आणि आई-आबा जळगावला माझ्याकडे राहायला आले.

माझ्याकडे पोलीसभरतीची तयारी करणारी मुलं वाढली होती. उड्या, बैठका, जमिनीवरचे व्यायाम, सगळं त्या टणक फरशीवर. पाठी सोलून निघायच्या, गुडघे फुटायचे. पुण्यात एका जिममध्ये मी अर्ध्या जागेत हिरवं कृत्रिम गवत बघितलं होतं. तेव्हापासून माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. जळगावात असं कुणाकडेच नाही म्हटल्यावर तर विचारूच नका.

धुळ्याला आग्रा रोडच्या मागच्या गल्लीत एक शेठ असा माल मागवतात, असं कळलं. मी फोन केला. शेठ गोड माणूस. म्हणाले, "या ना, बघून जा. तुमच्याकडे काम उठून दिसलं तर पुढची जळगावकडची सगळी कामं तुमच्यामार्फतच करू." झालं! मी मनातल्या मनात व्हिजिटिंग कार्डसुद्धा छापून टाकलं.

आबा म्हणाले, मीही येतो. मी म्हणालो, तुम्हाला काय त्यातलं कळतं, तो काही कापूस नाही. ते म्हणाले, "धागाच शे ना? मंग?" त्या 'मंग'वर विषय संपला. एसटीनं आम्ही निघालो, एरंडोल, पारोळा करत धुळ्याला. आबांनी धुतलेली टोपी घातली होती आणि पिशवीत पाण्याची बाटली घेतली होती. मी शर्ट खोचलेला, पायात नवे बूट. गाडीत त्यांनी मला खिडकी दिली.

शेठच्या दुकानात गाद्या-गालिच्यांच्या थप्प्या होत्या. त्यांनी दोन तुकडे काढून पुढ्यात टाकले. एक चकचकीत, पोपटी हिरवा, मऊ लुसलुशीत. दुसरा काळपट, आखूड, खरखरीत, पायपुसण्यासारखा. मी पहिल्यावरून हात फिरवतोय तोवर आबा खाली उकिडवे बसले. चकचकीत तुकड्यातलं एक पातं त्यांनी चिमटीत धरलं आणि ओढलं. ते मुळासकट हातात आलं. दुसरं ओढलं, तेही आलं. मग तुकडा उलटा करून पाठीवर नख घासलं. मग खिशातून काडीपेटी काढली, पातं पेटवलं आणि नाकाशी नेऊन वास घेतला. जिनात सुताची भेसळ ओळखायला ते असंच करायचे.

"ओ आबा! अहो, दुकान पेटवता का?" शेठ ओरडले. दुकानातली दोन गिऱ्हाइकं हसली.

आबांनी काडी विझवली, काळपट तुकड्यातलं पातं ओढून बघितलं. ते आलं नाही. मला म्हणाले, "हाई चमकस ते लेवानं नही. बठ्ठं निंघी जाई. हाई काळं ले." चमकतं ते सगळं निघून येईल, काळं घे, असं.

ते उठून दाराकडे वळले. शेठनी त्यांच्या पाठीकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "हे कोण?"

दोन शब्दांचं उत्तर होतं. ते माझ्या ओठावर होतं, देवाशपथ होतं. पण मला दिसल्या त्या आबांच्या टाचांच्या भेगा, दुकानाच्या स्वच्छ फरशीवर. त्यांची ती अहिराणी, ती काडीपेटी, हसणारी गिऱ्हाइकं. मला त्यांची लाज वाटली. उगाच वेगळ्या शब्दांत कशाला सांगू? लाजच वाटली.

मी म्हणालो, "आमच्याकडे कामाला असतात."

शेठ म्हणाले, "तरीच!" आणि चकचकीत तुकडा परत माझ्यापुढे सरकवला.

आता पुढची गंमत बघा. एकदा बापाला मजूर ठरवल्यावर, मजुराच्या सल्ल्यानं माल कसा घ्यायचा? शेठ काय म्हणतील? म्हणून मी तोच चकचकीत पसंत केला. आबांचं ऐकायचं माझ्या मनात आलं होतं. पातं मुळासकट आलेलं मीही बघितलं होतं. पण खोट्याला खोटं लावत गेलो. मी 'कामाला' म्हणालो तेव्हा आबा दुकानाच्या दाराशी पाठ करून उभे होते, चपला शोधत होते. त्यांनी ऐकलं नसेल, असं मी धरून चाललो.

परतीच्या वाटेवर पारोळ्याला गाडी थांबली. आबा उतरले आणि कागदात गरम भजी घेऊन आले. मोठी मोठी माझ्या हातावर ठेवली. चटणी माझ्याकडे सरकवली. म्हणाले, तुला आवडली ना हिरवळ, मग झालं. मी भजी खात सुटलो. त्यांनी ऐकलेलं नाही याची मला खात्री पटली.

आठ दिवसांनी टेंपोतून गुंडाळ्या आल्या. शेठच्या दोन माणसांनी फरशीवर चिकटवायचं पिवळं सोल्युशन फासलं आणि त्यावर गुंडाळ्या उलगडून दाबत नेल्या. त्या वासानं डोळ्यांना पाणी यायचं. एक गुंडाळी त्यांनी उलट्या दिशेनं टाकली. त्यामुळे एक पट्टा फिका आणि शेजारचा गडद दिसू लागला. मी ते मुलांना मुद्दाम केलेलं डिझाइन म्हणून सांगितलं. त्या दिवशी सगळे अनवाणी त्यावर लोळले. आरशात मी कितीदा स्वतःला बघितलं असेन! आबा शटरपाशी चपला काढून आत डोकावले आणि चपला हातात घेऊन परत गेले. मी त्यांना आत या म्हणालो नाही.

मग आला जळगावचा मे महिना. वर तापलेले पत्रे, खाली तापलेली फरशी, आणि मध्ये ते सोल्युशन. दुपारी आत पाय ठेवला की ते पुन्हा चिकचिकीत झालेलं लागायचं. दुसऱ्या आठवड्यात सांधे उघडले. कडा अशा वर वळल्या की त्यात अंगठे अडकायचे. एक मुलगा तोंडावर आपटला, नशिबानं दात वाचले. आणि पाती! घामेजलेल्या पाठीला पाती चिकटायची. मुलं घरी जायची ती पाठीवर हिरवी लव घेऊन. एकाची आई शटरपाशी येऊन विचारून गेली, "काय हो सर, पोरांना काय कुरणात चारता का?" सगळे हसले, मीही हसलो. आतून मला रडू येत होतं. शेठना फोन केला तर ते म्हणाले, उन्हाळ्यात होतं असं थोडं, मी स्वतः येऊन बघतो. म्हणजे हे उघडे सांधे त्यांना दिसणार, आणि जळगावची एजन्सी तर गेलीच.

मी घरी काही बोललो नव्हतो. पण आबांना माझा चेहरा वाचायला काय वेळ? एका सकाळी त्यांनी विचारलं, "सांधा निंघना का?" मी मान हलवली. 'मी सांगितलं होतं' हे ते म्हणाले नाहीत. कधीच म्हणाले नाहीत, आणि त्याचा मला जास्त राग यायचा. त्यांनी माळ्यावरून आपली जुनी डबी काढली. तीत दाभण, सुतळी आणि मेणाचा तुकडा. वखारीतून तरटाच्या लांब पट्ट्या आणल्या.

काम करायची वेळ मी ठरवली. दुपारी बारा ते चार, जिम बंद असताना. कारण सांगितलं की मुलांची अडचण नको. खरं कारण वेगळं होतं आणि ते आबांनाही कळलं असणार.

त्या भट्टीत ते चार दिवस बसले. उघडलेल्या सांध्याखाली तरटाची पट्टी सरकवायची, दोन्ही कडा त्यावर ओढून जुळवायच्या, सुतळीला मेण लावायचं आणि टाका घालायचा. टाका गवताच्या मुळाशी असा बुडायचा की वरून काही दिसू नये. चष्म्याची काडी तुटलेली, ती दोऱ्यानं कानाला बांधलेली. गुडघे फरशीवर. मी शेजारी पंखा धरून उभा राहायचो. एकदा त्यांच्या बोटात दाभण घुसलं. त्यांनी बोट तोंडात घातलं आणि दुसऱ्या हातानं सांधा धरूनच ठेवला.

चौथ्या दिवशी, शेवटचा सांधा चालू असताना, शटर खडखडलं. धुळ्याचे शेठ! बरोबर नंदुरबारचं एक गिऱ्हाईक, त्यालाही जिम काढायची होती. शेठ आधी घाबरतच आत आले. मग बूट काढून गवतावरून चालले, टाचेनं सांधा दाबला, खाली बसून बोटांनी चाचपला. एकाही ठिकाणी कड वर नव्हती.

"वा! हे कुणी केलं?"

मी तोंड उघडलं. या वेळी मी सांगणार होतो. पण माझ्या आधी आबा बोलले. दाभण न थांबवता, खाली बघतच. "मी. मी यासनाकडे कामले शे."

माझंच वाक्य. शब्द त्यांच्या बोलीतले, वाक्य माझं. म्हणजे त्यांनी त्या दिवशी ऐकलं होतं. ऐकूनच भजी आणली होती, ऐकूनच मोठी मोठी माझ्या हातावर ठेवली होती. माझ्या कानांत गरम तेल ओतावं तसं झालं.

शेठ खुशीत होते. नंदुरबारच्या माणसाला म्हणाले, बघा, आमचा माल असा बसतो. आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "एजन्सीचं पक्कं समजा. एक करा. धुळ्याला एका हॉलमध्ये माझे सांधे असेच उघडलेत. हा माणूस मला पाच-सहा दिवस द्या."

मी आबांकडे बघितलं. ते म्हणाले, "मालकले इचारा."

आणि मी, या शटरच्या आतला सर, म्हणालो, "बरं. घेऊन जा."

हे लिहितानाही हात थांबतो. त्या वेळी मला काय झालं होतं? एजन्सी हवी होती, हे खरं. पण त्याहून मोठं म्हणजे, आता खरं बोललो तर आधीचं खोटं उघडं पडेल ही भीती. बापाला मजूर म्हणणारा मुलगा, असं शेठ मला म्हणतील ही भीती. तसं कुणी म्हणू नये म्हणून मी बापाला मजुरीलाच पाठवलं. अक्कल शेण खायला गेली होती, दुसरं काय!

घरी आबांनी आईला सांगितलं, पोऱ्याच्या ओळखीनं धुळ्याला मोठं काम आलं. आईला कोण आनंद! तिनं कळण्याच्या भाकरी केल्या, शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. मी म्हणालो, स्टँडवर सोडायला येतो. आबा पिशवी उचलत हळूच म्हणाले, "मालक कधी मजुरले सोडाले येस का रे?" आणि हसले. खरंच हसले. त्यांना चेष्टा करायची सवय होतीच. आईला काही कळलं नाही, तीही हसली. मी दारात उभा राहिलो आणि ते कोपऱ्यावरून वळून गेले.

दोन दिवस मी जिममध्ये मुलांवर विनाकारण खेकसलो. तिसऱ्या दिवशी आईकडून डबा घेतला आणि धुळ्याची गाडी पकडली. वाटेत सगळं घोकून ठेवलं होतं. जायचं, शेठना गाठायचं, सरळ सांगायचं. हे माझे वडील आहेत, मी त्या दिवशी खोटं बोललो, त्यांना घरी न्यायला आलोय. पारोळ्याला गाडी थांबली तेव्हा मी भज्यांच्या गाडीकडे बघूही शकलो नाही.

हॉल मोठा होता. पार पलीकडच्या टोकाला आबा पाठमोरे बसलेले, टोपी बाजूला काढून ठेवलेली. शेठ दारातच भेटले.

"अरे या, या! काय माणूस आहे हो तुमचा. सोनं आहे सोनं. दुपारी जरा पडा म्हटलं तर ऐकत नाही." मग ते आवाज खाली करून म्हणाले, "मी काल विचारलं, आबा, मुलंबाळं? तर म्हणे, एक मुलगा आहे. जळगावला मोठा माणूस आहे, त्याला लोक सर म्हणतात. एवढंच. मी म्हणालो, मग या वयात तुम्ही गुडघ्यावर बसून सुई का ओढता? तर नुसते हसले." शेठनी मान हलवली. "कसली मुलं निपजतात हो! लाज नाही वाटत बापाला असं राबवायला? बरं तर बरं, तुमच्यासारखा मालक मिळाला. तुम्ही तरी सांभाळता त्यांना."

घोकलेलं सगळं तसंच राहिलं. मी 'अं' का 'हं' असं काहीतरी म्हणालो. आईचा डबा या हातातून त्या हातात घेतला. तेवढ्यात बाहेरून कुणीतरी शेठना हाक मारली, माल उतरवायचा होता. ते गेले.

मी बूट काढले आणि ते अख्खं गवत तुडवत आबांपाशी गेलो. त्यांनी वर बघितलं नाही. बोटाला चिंधी बांधलेली होती. मी त्यांच्या शेजारी खाली बसलो. हॉलमध्ये आम्ही दोघंच. तेव्हा कुठं माझ्या तोंडातून ते दोन शब्द निघाले. निघाले ते रडतच, आणि इतक्या मोठ्यानं की हॉलच्या पत्र्याला आपटून परत आले.

"माझे वडील," मी म्हणालो. "आबा, तुम्ही माझे वडील आहात."

आबांनी टाका ओढून घट्ट केला. सुतळीला मेण लावलं. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"मले काय सांगस?" ते म्हणाले. "मले माहीत शे."

आणि सांध्याची दुसरी कड माझ्या हातात दिली, नीट धर म्हणाले. शेठ परत येईपर्यंत मी ती धरून बसलो होतो, आणि शेठ आल्यावरही काही बोललो नाही.